गप्प झालं की एस्केप

सात संगणक, पडदा एकही नाही.

टक. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पीं.

चौथी पास बाई. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

डॉलर. डॉलर. डॉलर.

हॉर्न वळणाच्या आधी द्यायचा असतो, वळणात नाही.

मैत्रिणीच्या तळहातावर बोटानं काढलेला नाग.

रविवार, सकाळी अकरा.

शुक्रवार

"चालू झालं का वं?" फिरदोसनं विचारलं.

"नाई."

"मग काय म्हणते लोखंड्या?"

"डॉलर म्हणते."

लोखंड्या म्हणजे आमच्या संगणकातला आवाज. पडद्यावर जे लिहून येईल ते तो वाचून दाखवायचा, पत्र्याच्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा. आम्ही हुकूम टाइप करायचा, त्यानं उत्तर वाचायचं, आणि पुढचा हुकूम घ्यायला तयार झाला की म्हणायचं: डॉलर. म्हणजे, झालं, आता बोल.

पण काही झालेलंच नव्हतं. आम्ही गेम सुरू करायचा हुकूम द्यायचो. संगणक घुरघुरायचा. मग शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद. फिरदोस एस्केप दाबायची. मग डॉलर.

"परत कर."

घुरघुर. शांतता. एस्केप. डॉलर.

"परत."

शुक्रवारी दुपारी दोन ते साडेचार आम्ही हेच केलं. मी तेवीसपर्यंत मोजलं, मग मोजणं सोडलं.

त्याआधी, मंगळवार

अमरावतीच्या अंध मुलींच्या वसतिगृहाचा फोन जिन्याखाली होता. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. फोनवर बाबा.

"रविवारी येतो अकरा वाजता. पेटी भरून ठेव."

"कायले?"

"घरी चालाचं."

"किती दिवस?"

"आता घरीच."

बाबांच्या मागे कुणीतरी चहाचे पेले विसळत होतं.

"काहून पण, बाबा?"

"तिथी काय करतं तू दिवसभर?"

"कॉलेज. मग कॅम्प्युटर."

"कॅम्प्युटरवर काय करतं?"

"ऐकते."

"ऐकायले घरी रेडिओ हाये," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

माझे बाबा गुणवंत इंगोले. एकवीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवलेला माणूस. परतवाडा ते चिखलदरा, घाटातून, दिवसाला चार फेऱ्या. बोलून त्यांना काही पटत नसे. आईनंसुद्धा कधी बोलून पटवलं नाही. गॅसची शेगडी घ्यायची तर तिनं शेजारणीकडून आणून त्यांच्यासमोर पेटवून दाखवली होती. त्यांना दाखवावं लागायचं.

आणि मी काय दाखवणार होते? लोखंड्या मराठी नीट वाचत नसे. इंग्रजी बाबांना समजत नसे. मी निबंध लिहिते, मेल पाठवते, हे सगळं त्यांच्या लेखी हवेतलं.

गाडी चालवणाऱ्याला गाडी दाखवायची. हे मला जिन्यातच सुचलं, आणि मी दोन-दोन पायऱ्या चढत फिरदोसकडे पळाले.

गाडी

नागपूरला भाषण स्पर्धेत एका मुलीनं आम्हाला पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक गेम. चित्र मुळीच नाही, सगळा आवाज. कानाला हेडफोन लावायचा. तुमचं इंजिन मधोमध वाजतं. गाडी डावीकडे सरकली की ते डाव्या कानात जातं, तुम्ही ती उजवीकडे ओढायची. वळण आलं की एक बाई सांगते, लेफ्ट. अवघड असेल तर हार्ड लेफ्ट. मागून दुसऱ्या गाड्या येतात, कानाजवळून सूंकन जातात. नागपूरला मी तो तिच्या लॅपटॉपवर खेळले होते आणि जेवायला जायचं विसरले होते.

"पण तुमच्याकडे लिनक्स आहे ना?" ती म्हणाली होती. "हा विंडोजचा आहे. तुमच्या डब्यावर चालायचा नाही."

फिरदोसला "डबा" शब्द लागला होता. ती अचलपूरची. तिला नऊ वर्षांची होईपर्यंत दिसायचं, म्हणून अपमान झाला की तिला समोरच्याचा चेहरा कसा झाला असेल तेही कळतं, असं ती म्हणायची. मला जन्मापासून दिसत नाही. मला नुसता अपमान कळतो.

लिनक्स म्हणजे आमच्या संगणकांवरची फुकटातली प्रणाली, तिला विंडोजचा गेम कळत नाही हे खरं. मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. त्या प्रोग्रामचं नाव वाइन. वसतिगृहात हा शब्द मोठ्यानं म्हणायची आम्हाला बंदी होती, कारण रेक्टर ढोमणे मॅडमनी एकदा "वाइन टाकली का तू?" एवढं एकच वाक्य दाराबाहेरून ऐकलं होतं आणि आमच्या खोलीतल्या गाद्या उलट्यापालट्या केल्या होत्या.

दुभाषा बसला होता. गेम बसला होता. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

शनिवार, साडेदहा

मी नागपूरच्या मुलीला फोन लावला.

"स्क्रीनवर काय दिसतंय?" तिनं विचारलं. तिला एका डोळ्यानं थोडं दिसायचं.

"स्क्रीन नाई."

"म्हणजे बंद आहे?"

"म्हणजे नाईच."

"नाईच," तिनं माझाच शब्द परत म्हटला.

संगणक आले तेव्हा पडदे होते. सात. पण ते कुणीच कधी लावले नाहीत. टेबलावर ब्रेलच्या जाड पुस्तकांना जागा हवी होती, आणि पडदे जागा अडवायचे. मग आम्हीच मॅडमना म्हणालो की हे घेऊन जा. दोन ऑफिसात गेले, बाकीचे माळ्यावर. सगळ्यांना बरं वाटलं. दीड वर्ष आमचं कुणाचं काही अडलं नव्हतं.

"एखादं दिसणारं माणूस पाह्यजे," फिरदोस म्हणाली. "आणि त्याच्यापुढे ठेवायले एक पडदा."

ऑफिस

"पडदा?" ढोमणे मॅडम म्हणाल्या. "कुणाला?"

"आम्हाला."

"तुम्हाला."

"हो मॅडम."

"कांचन, मी सकाळपासून तीन शिधापत्रिका, एक नळवाला आणि संडासाचा तुंबलेला पाइप बघितला आहे. माझी थट्टा करू नकोस."

"नाही मॅडम. आम्हाला दिसत नाही, पण संगणकाला काहीतरी म्हणायचंय असं वाटतं. आणि तो लोखंड्याला सांगत नाहीये."

मॅडमनी सुस्कारा सोडला. खुर्ची मागं सरकली.

"पाचला परत पाहिजे. मला पगारपत्रक करायचंय. आणि वाचणार कोण? मला वेळ नाही."

साडेअकरा

वाचायला आली गोकर्णामावशी. आमची स्वयंपाकीण. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. त्या वेळी वसतिगृहात डोळ्यांनी दिसणारी माणसं दोनच होती आणि दुसरी, म्हणजे मॅडम, पाइपापाशी उभी होती.

"मले इंग्लिश नाई येत हं," तिनं आधीच सांगितलं. "चौथी हाये माही. मराठी."

"काय दिसते तेवढं सांग."

"काही नाई. काळं हाये."

मी हुकूम दिला. घुरघुर. शांतता.

"काय झालं, मावशी?"

"एक चौकोन आला."

"कसा चौ..."

एस्केप. शेजारून फिरदोसचं बोट, सवयीनं.

"गेला," मावशी म्हणाली.

"काय गेलं?"

"चौकोन. आल्ता. गेला."

डॉलर, लोखंड्या म्हणाला.

मी फिरदोसचा हात धरला. तीही थांबली होती. पहिल्या दिवशी, संगणकावर बोट ठेवायच्या आधी, आम्हा सगळ्यांना एक नियम शिकवला होता: गप्प झालं की एस्केप दाबा. संगणक बोलायचा थांबला म्हणजे आपण कुठंतरी अडकलो, एस्केप दाबलं की बाहेर. तो नियम सात संगणकांवर चौदा मुलींच्या बोटांत इतका मुरला होता की आपण तो पाळतोय हेही आम्हाला कळत नव्हतं.

"तो काहीतरी विचारून राहिला," मी म्हणाले. "आणि आपण दर वेळी नाई म्हणून राहिलो."

"या अल्ला," फिरदोस म्हणाली. "दोन दिवस!"

"हात मांडीखाली घे."

"घेतला."

"दोन्ही."

"घेतले ना बाई!"

घुरघुर. शांतता.

"आला चौकोन," मावशी म्हणाली. "थांबला. लय लिहेल हाये त्याच्यात, बारीक बारीक."

"खाली काय हाये?"

"दोन डब्या. एकीत थोडं लिहेल, दुसरीतही थोडं."

"पहिल्या डबीतलं सांग."

"आता कसं सांगू, बाप्पा? मले वाचता येते का ते?"

मला इंग्रजी येत होतं, पण छापील अक्षर कसं दिसतं ते मला ठाऊक नव्हतं. माझी सगळी अक्षरं म्हणजे सहा ठिपके. मावशीला अक्षरं दिसत होती, पण ती तिच्यासाठी नुसत्या रेघा होत्या. मधे फिरदोस होती, जिनं चौथीपर्यंत इंग्रजीची अक्षरं डोळ्यांनी पाहिली होती.

तिनं मांडीखालून उजवा हात काढला आणि उलगडून पुढं धरला.

"काढ माझ्या हातावर. जसं दिसते तसं."

मावशीनं पदराला बोट पुसलं.

"ही एक उभी काडी."

"आय," फिरदोस म्हणाली.

"आता दोन काड्या. पण बुटक्या. आन वरून वाकून एकीले एक जोडेल."

"एन. लहान एन."

"हा नाग. फना काढून."

"एस! कांचन, एस."

"ही फुली. फुली म्हणजे, पाय वाकला तिचा."

"टी. आय, एन, एस, टी..."

"इन्स्टॉल!" मी इतकी जोरात ओरडले की मावशीचा हात उडाला. "इन्स्टॉल हाये ते! विचारून राहिला, एक वस्तू कमी हाये, ती घालू का? आणि दुसरी डबी म्हणजे कॅन्सल. एस्केप म्हणजे कॅन्सल!"

"मग घाल म्हणा ना त्याले," मावशी म्हणाली. "इतके दिवस उपाशी ठेवला बिचाऱ्याले."

मी एंटर दाबलं.

"डबी गेली," मावशी सांगू लागली. तिला आता मजा येत होती. "आता एक लांब पट्टी आली. हिरवी होऊन राहिली. हळूहळू. तिकडून हिकडे भरून राहिली. अर्धी झाली. माय वं, थांबली."

"थांबली?"

"नाई नाई, चालली. चालली... चालली..."

खोलीत कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"भरली! पट्टी गेली. आता पाह्य, काळं झालं सगळं, काहीच नाई..."

आणि सातव्या संगणकाच्या खोक्यातून, खरखरीत छोट्या स्पीकरमधून, एका परदेशी बाईनं म्हटलं:

थ्री. टू. वन.

फिरदोसनं मला मिठी मारली, मी मावशीला, आणि वरण करपलं.

टक, अं, पीं

दहा मिनिटांत आम्हाला कळलं की गाडी चालते, पण चालवता येत नाही.

बाई लेफ्ट म्हणायची तेव्हा लेफ्ट होऊन गेलेलं असायचं. मी डावीकडचं बटण दाबेपर्यंत भिंत. पुन्हा सुरू, पुन्हा भिंत. नागपूरच्या लॅपटॉपवर मी पाच फेऱ्या मारल्या होत्या. इथं तिसऱ्या वळणापुढं कुणी जाईना.

"तू विसरली असशील," फिरदोस म्हणाली.

"हॉर्न दाब."

तिनं दाबला. टक, बटणाचा आवाज. मग पीं, गाडीचा.

"परत."

टक. पीं.

"मधात जागा हाये," मी म्हणाले. "ऐक. टक आणि पीं यांच्या मधात. तू अं म्हणून पाह्य."

टक. "अं." पीं.

अख्खा अं मावत होता. आवाज उशिरा येत होता. डोळ्यांनी खेळणाऱ्याला चित्र अडखळलेलं कळतं. आम्हाला रस्ता उशिरा ऐकू येत होता. घाटात अर्धा सेकंद म्हणजे दरी, हे ड्रायव्हरच्या मुलीला कुणी सांगायला नको.

३००

यावर उपाय एक आकडा होता. आवाज किती आधीपासून साठवून ठेवायचा त्याचा आकडा, सेकंदाच्या हजाराव्या भागात. आमचा तीनशेवर होता. तो कुठं बदलायचा ते कुठल्या देशातल्या कुणी माणसानं एका चर्चेच्या पानावर एका ओळीत लिहून ठेवलं होतं. लोखंड्यानं ती ओळ आम्हाला सहा वेळा वाचून दाखवली, ठिपके, रेघा, बरोबरची चिन्हं, सगळं.

पाचला मॅडमचा पडदा परत गेला. आता त्याची गरज नव्हती.

१२०

अं मावत नाही. अर्धा मावतो.

२०

आवाज लगेच! पण लाह्या फुटल्यासारखा. इंजिन, बाई, हॉर्न, सगळं तडतड तडतड. फिरदोसनं हेडफोन काढून फेकला.

रविवार, सकाळी आठ. ६०

"लाह्या नाईत."

"अं?"

"थोडासा. नाकातल्या नाकात म्हटला तर मावते."

४०

"लाह्या."

"किती?"

"दोन-चार. वळणात."

५०

"नाकातला अं."

नऊ वाजून दहा. ४५

टकपीं.

फिरदोसनं पुन्हा दाबलं. टकपीं. दोन आवाज राहिलेच नव्हते, एकच झाला होता. तिनं दहादा दाबलं, वीसदा दाबलं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "फाटक उघडा वं कोणी, बाहेर गाडी आली!"

मी पहिली फेरी दोन मिनिटं चोवीस सेकंदांत मारली. साडेदहापर्यंत दोन मिनिटं सहावर आणली. पेटी खाटेखाली भरून तयार होती. कपडे, ब्रेलची पाटी, आईनं दिलेला स्टीलचा डबा. कुलूप लावलं नव्हतं.

अकरा

बाबांच्या चपला व्हरांड्यातून आल्या. दाराजवळच्या बाकाला त्यांचा पाय लागला, जोरात. त्या बाकाला आमच्यापैकी कधी कुणाचा पाय लागत नसे.

"पेटी कुठी हाये?"

"भरली. आधी हे पाहा."

"गाडी चुकन, कांचन."

"दहा मिनिटं, बाबा. बसा इथी."

खुर्ची करकरली. बाबा बसले.

"काय पाहू? पडदा कुठी हाये याचा?"

"पडदा नाई," फिरदोस म्हणाली. "नमस्कार काका. मी फिरदोस. आमच्या इथी कोणाले पाहायचं नसते."

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांचा हात घेऊन बटणांवर ठेवला. हे डावं, हे उजवं, हे ॲक्सिलरेटर, हा ब्रेक. हा गिअर वर, हा खाली. लांब बटण, हॉर्न.

बाबांनी दुसरं काही करायच्या आधी हॉर्न दाबला. कोणताही ड्रायव्हर तेच करील. मी मनात अं म्हणायला घेतला.

टकपीं.

त्यांनी पुन्हा दाबला.

"हां," ते म्हणाले. "गाडी जिवंत हाये."

पहिली फेरी

पहिल्याच वळणावर भिंत.

"अरे! कोनं ठेवली इथी भिंत?"

"ती बाई लेफ्ट म्हणते ना, काका, म्हणजे डावीकडे."

"लेफ्ट-राइट समजते मले. एकवीस वर्षं चालवली."

दुसऱ्या वळणावर भिंत.

"डोळे उघडे हायेत का तुमचे?" फिरदोसनं विचारलं.

"मंग?"

"मिटून घ्या. उघडे असले का माणूस खिडकीकडे पाहत राहते. कान रिकामे होत नाईत."

बाबांनी ते मिटले असावेत, कारण त्यांचा श्वास बदलला. आणि मग ते तिसरं वळण गेले. चौथं गेले. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांनी हॉर्न दिला. गेममधल्या गाड्यांना हॉर्न ऐकू येत नाही, आम्ही तो कधी वापरतही नव्हतो. पण ते देत राहिले.

"वळणावर द्यायचा नाई काका," फिरदोस म्हणाली, "गरज नाई त्याची."

"वळणावर नाईच देत कोणी. वळणाच्या आधी देतात."

चौथी फेरी

आता खोलीत सगळ्या जमल्या होत्या. मी हेडफोनबरोबर स्पीकरही चालू केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. बाबा खुर्चीत डावी-उजवीकडे कलत होते, खुर्ची तसं सांगत होती.

"बाजू! बाजू हो ना बे!" ते गेममधल्या कुठल्याशा गाडीवर ओरडले. "कोनाची हाये ही गाडी? कोन देते याले लायसन?"

चौदा मुली हसल्या. मावशी दारात उभी होती, हातात झारा, तीही हसली.

"कांचन, तू कोन्या गिअरमध्ये चालवतं?"

"दुसऱ्या. मग चौथ्या."

"आन तिसरा काय देवाले ठेवला? इंजिन वरडून राहिलं, ऐकू नाई येत तुमाले? ऐक. ऐक आता." ते बोट उचलून थांबले. "हे रडते... रडते... आता! टाक तिसरा."

इंजिनाचा आवाज उतरला, गोल झाला. आमच्यातल्या कुणालाच ते आधी कळलं नव्हतं. आम्ही रस्ता ऐकत होतो, बाबा गाडी ऐकत होते.

दोन मिनिटं एकतीस. दोन एकोणीस. दोन अकरा.

"तुह्यं किती?"

"दोन सहा."

"एक डाव अजून."

दोन नऊ.

"एक डाव."

गाडी चुकेल, असं आता कुणी म्हणत नव्हतं. बारा वाजत आले होते. ते हरत होते आणि त्यांना पुन्हा हरायचं होतं. मला वाटलं, पटलं. मी जिंकले.

शेवटची फेरी दोन आठ.

"मांगंच राहिलो," बाबा म्हणाले, आणि हसले. ते माझ्यापाशी असं कधी हसले नव्हते. ते जीपच्या टपावर सामान बांधणाऱ्या माणसांशी असे हसायचे.

व्हरांडा

मावशीनं चहा दिला. मी आत संगणक बंद करत होते. बाबा बाहेर फिरदोसशी बोलत होते, आवाज खाली करून, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग आत आले.

"पेटी राहू दे."

"काहून?"

"किती वर्षं राहिली तुह्यी?"

"दीड."

"दीड चालन." ते म्हणाले. "सगळं शिकून ये. कॅम्प्युटर, काठी, रस्ता कसा ओलांडतात, सगळं. मंग मले शिकवजो."

"तुमाले तर आलं ना आता, बाबा. दोन आठ म्हणजे लय झालं."

"गेमचं नाई म्हणून राहिलो," बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. निघताना बाकाला वळसा घातला. तो आता त्यांना ठाऊक झाला होता.

फिरदोसनं जेवताना सांगितलं

"त्यांनी विचारलं, तुह्यी नजर कडेनं गेली का मधातून. मी म्हटलं कडेनं. नळीतून पाहावं तसं होत गेलं. ते म्हणाले, माह्यंही कडेनंच चालू हाये, तीन वर्षं झाली, घरी कोणाले माहीत नाई."

मी घास खाली ठेवला.

"म्हणाले, पोरीले घरी न्यायले आलतो. मले वाटलं घरात एक तरी माणूस असावं ज्याले हे येते. मग म्हणाले, पण तिचं अजून अर्धंच झालं. अर्धं शिकलेलं माणूस घाटात कामाचं नाई." ती पाणी प्यायली. "मग विचारलं, चालायले किती दिवस लागले? मी म्हटलं सहा महिने. त्यातले पहिले दोन नुसते रडण्यात गेले, काका, ते तुम्ही धरू नका."

"मग?"

"हसले. म्हणाले, धरत नाई."

नंतर

दीड वर्षानं मी घरी गेले. डॉक्टरांनी तोवर सांगून टाकलं होतं की वाढत जाणार, थांबणार नाही. मी बाबांना काठी शिकवली. घरापासून पानठेल्यापर्यंत एकशे बारा पावलं, तिथून देवळापर्यंत सत्तर. वाटेत काय आलं ते काठीच्या आवाजावरून सांगायचं. ते चुकले की रागवायचे, माझ्यावर नाही, रस्त्यावर. कोनं ठेवली इथी ही मोटरसायकल. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "एक फेरी अजून," आणि आम्ही दुपारच्या उन्हात परत पानठेल्यापर्यंत गेलो.

त्या रविवारी ते आठ फेऱ्या खेळले. प्रत्येक वळणाच्या आधी हॉर्न दिला. जीप त्यांनी त्याच्या नऊ दिवस आधी विकली होती. अमरावतीला ते एसटीनं आले होते.